‘सर्व्हर डाऊन’वरचा उपचार

सरकारी आरोग्यसेवेची वही आता दूरवरच्या आभासी यंत्रांत लिहिली जाते. ती यंत्रे सांभाळण्याची अवजारे कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा भोर-वेल्ह्याच्या रुग्णाला अधिक जाचणारा आहे.

‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या.’ गेल्या दहा-पंधरा वर्षांत ग्रामीण महाराष्ट्राने सर्वाधिक ऐकलेल्या वाक्यांत याचा क्रमांक बराच वरचा लागेल. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही, सातबारा निघत नाही, दाखला अडतो. की हे वाक्य येते आणि समोरचा माणूस निमूट परत फिरतो. शहरात याचा अर्थ एक हेलपाटा. भोरच्या हिर्डस मावळात किंवा वेल्ह्याच्या अठरागाव मावळात याचा अर्थ एका दिवसाची बुडालेली मजुरी, एसटीचे दोन्ही वेळचे तिकीट आणि भातलावणीच्या ऐन दिवसांत घरचे एक माणूस कमी. तरीही या वाक्याला कोणी प्रतिप्रश्न करत नाही. ‘डाऊन’ म्हणजे नेमके काय झाले, कुठे झाले, कोणामुळे झाले आणि ते दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणाची, हे विचारायची सोयच नाही. पाऊस पडला, दरड कोसळली, तसा सर्व्हर गेला! निसर्गापुढे माणसाचे काय चालणार?

सर्व्हर मात्र निसर्ग नव्हे. तो माणसांनी उभारलेला, माणसांनी सांभाळायचा आणि माणसांच्या हलगर्जीने बंद पडणारा कारखाना आहे. आरोग्याच्या क्षेत्रात तर ‘उद्या या’ हे उत्तरच असू शकत नाही. क्षयरुग्णाची नोंद आणि त्याच्या गोळ्यांचा हिशेब ‘नि-क्षय’ या संकेतस्थळावर असतो. दूरच्या तज्ज्ञाचा सल्ला ‘ई-संजीवनी’वरून मिळतो, ही व्यवस्था ‘सी-डॅक’च्या मोहाली केंद्राने उभारली आहे. सरकारी औषधसाठ्याची नोंद ‘ई-औषधी’मध्ये होते. सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये प्रत्येकाला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक देऊन त्याच्या तपासण्या आणि उपचारांच्या नोंदी एकमेकांशी जोडण्याची योजना आहे. कल्पना उत्तम आहे. वेल्ह्यातल्या गरोदर बाईला नसरापूर, भोर किंवा थेट ससूनला पाठवावे लागले तर तिच्या हातात फाटक्या कागदांची पिशवी असण्याऐवजी तिची माहिती तिच्या आधी तिथे पोहोचलेली असावी, याला कोण नाही म्हणेल? पण वही डिजिटल झाली की ती वही उघडणे हाच उपचाराचा भाग होतो. सर्पदंशाच्या रुग्णासाठी प्रतिविष जवळच्या कोणत्या केंद्रात शिल्लक आहे, हे पाहायचे आणि नेमका त्याच वेळी पडदा कोरा, हा केवळ तांत्रिक बिघाड राहत नाही.

म्हणून या कोऱ्या पडद्यामागे काय असते, हे एकदा समजून घेतले पाहिजे. सर्व्हर म्हणजे कुठेतरी ठेवलेली एक पेटी आणि तिच्यात आपली माहिती, असे चित्र बहुतेकांच्या मनात असते. ते वीस वर्षांपूर्वी बरेचसे खरे होते. प्रत्येक कामासाठी एक स्वतंत्र संगणक घ्यायचा, तो बहुतांश वेळ रिकामा फिरत राहायचा, आणि तो बिघडला की ते काम ठप्प. आज केंद्र सरकारच्या बऱ्याच सेवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या डेटा सेंटरमध्ये चालतात. दिल्ली, हैदराबाद, भुवनेश्वर यांच्याप्रमाणेच त्यातले एक पुण्यात आहे. २०१४ मध्ये ‘मेघराज’ या नावाने सरकारी क्लाउड सुरू झाला. तिथे एका मोठ्या संगणकावर अनेक ‘आभासी’ संगणक चालतात. प्रत्येकाला वाटते, आपण स्वतंत्र यंत्र आहोत. प्रत्यक्षात ते एकाच लोखंडावर नांदत असतात.

एका मोठ्या भूखंडावर चार बंगले बांधले, प्रत्येकाला आपली विहीर, आपले स्वयंपाकघर, आपले कुंपण दिले, तर जमीन एकच असली तरी एका बंगल्यातली भांडणे दुसऱ्यात जात नाहीत. आभासी यंत्र म्हणजे असा बंगला. त्याची स्वतःची संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम असते. भूखंडाची वाटणी करणाऱ्या आज्ञावलीला हायपरवायझर म्हणतात. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६० च्या दशकात आपल्या महाकाय संगणकांवर ती यशस्वी केली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आणली. साध्या संगणकांवर ती रुजवली १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या अमेरिकी कंपनीने. २००७ मध्ये ‘केव्हीएम’ या नावाने तीच सोय लिनक्सच्या गाभ्यातच आली. म्हणजे ज्याला हवी त्याला फुकट आणि उघडपणे तपासता येईल अशी मिळाली.

कंटेनर ही त्यापुढची पायरी. बंगल्यांऐवजी जुन्या वाड्यातली बिऱ्हाडे डोळ्यांसमोर आणा. प्रत्येकाची खोली वेगळी, कुलूप वेगळे. पण आड एक, छप्पर एक, दिंडी दरवाजा एक. इथे आड म्हणजे लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतःची विहीर खणायची नसल्याने जागा कमी लागते, आणि नवे बिऱ्हाड काही सेकंदांत उभे राहते. मात्र एकाने सगळे पाणी उपसू नये म्हणून पाळी लावावी लागते. लिनक्समध्ये ही पाळी लावण्याचे काम ‘सी-ग्रुप्स’ नावाची सोय करते. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये ते काम हाती घेतले आणि २००८ मध्ये ते लिनक्सच्या गाभ्यात सामील झाले. स्मृतीची, म्हणजे मेमरीची, पाळी बांधून देण्याच्या कामात आयबीएमच्या भारतातील अभियंत्यांचा मोठा वाटा होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

कंटेनर हे नाव मालवाहतुकीवरून आले. पुणे-सातारा महामार्गावर कापूरहोळच्या आसपास थांबून पाहिले तर ट्रेलरवरच्या त्या ठरावीक मापाच्या लोखंडी पेट्या दिसतात. आत यंत्रे असोत की कापड, पेटीचे माप तेच. म्हणून ती जहाजावर, रेल्वेवर, ट्रकवर कुठेही तशीच बसते. १९५६ मध्ये अमेरिकेत अशा ५८ पेट्या घेऊन पहिले जहाज निघाले आणि जगाच्या व्यापाराचे गणित बदलले. संगणकाच्या जगात २०१३ मध्ये ‘डॉकर’ने नेमके हेच केले. आज्ञावली, तिला लागणारी सगळी सामग्री आणि मांडणी एका ठरावीक पेटीत भरली, की ती पेटी पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये चालते तशीच भोरच्या रुग्णालयातल्या टेबलाखालच्या संगणकावरही चालू शकते. या शक्यतेकडे आपण नंतर वळू.

पेट्या दहा असतील तर माणूस लक्ष ठेवेल. हजारो झाल्या की कोणती पेटी कुठे ठेवायची, एक बंद पडली तर दुसरी कधी उभी करायची, गर्दी वाढली तर किती वाढवायच्या, हे ठरवायला अवजारे लागतात. गूगलने २०१४ मध्ये खुले केलेले ‘कुबरनेटिस’ हे त्यातले सर्वांत प्रसिद्ध. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. त्याची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. ‘हे चालू कर, ते बंद कर’ असे हुकूम त्याला द्यायचे नसतात. ‘या कामाच्या तीन प्रती सदैव चालू असल्या पाहिजेत’ एवढे सांगायचे. एक प्रत मेली की सुकाणूवाला स्वतःहून दुसरी उभी करतो. आभासी यंत्रांसाठी ‘ओपनस्टॅक’ आहे. २०१० मध्ये ‘नासा’ आणि रॅकस्पेस कंपनी यांनी ते सुरू केले आणि युरोपातील ‘सर्न’ ही अणुसंशोधन संस्था आपला प्रचंड संगणकसंच त्यावर चालवते. छोट्या संस्थांसाठी व्हिएन्नात तयार होणारे ‘प्रॉक्समॉक्स’ आहे. त्यात आभासी यंत्रे आणि लिनक्स कंटेनर दोन्ही एकाच पडद्यावरून सांभाळता येतात. ‘इन्कस’, ‘लिबव्हर्ट’, ‘पॉडमन’ अशी आणखीही नावे आहेत. यातले बहुतेक खुले आहे: घ्या, तपासा, बदला, चालवा, परवान्याचे पैसे नाहीत.

मग अडचण कुठे? एका पडद्यावरून शेकडो यंत्रे सांभाळता येतात याचा दुसरा अर्थ असा, की त्या एका पडद्यावरून शेकडो यंत्रे एकदम बुडवताही येतात. ही सोय आणि हा धोका एकाच नाण्यासारखे आहेत, आणि ते नाणे जगाने अनेकदा मोजले आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये खंडणीखोरांनी जगभरातील हजारो व्हीएमवेअर सर्व्हरना लक्ष्य केले. हायपरवायझर हाती आला की त्यावरची सगळी आभासी यंत्रे आपोआप ओलीस. लाजिरवाणी गोष्ट ही, की ज्या त्रुटीचा मुख्यतः फायदा घेतला गेला, तिची दुरुस्ती कंपनीने फेब्रुवारी २०२१ मध्येच दिली होती. म्हणजे दोन वर्षे औषध कपाटात होते, फक्त कोणी रुग्णाला दिले नाही! कंटेनरही यातून सुटलेले नाहीत. आड सामाईक असल्याने आडातच विष मिसळले तर सगळी बिऱ्हाडे धोक्यात येतात. २०१९ मध्ये कंटेनर चालवणाऱ्या ‘रन-सी’ या मूळ घटकात अशी त्रुटी सापडली होती, की एका दूषित पेटीतून बाहेर पडून थेट यजमान संगणकाचा ताबा घेता येत होता.

आपल्या देशातले उदाहरण सर्वांना आठवत असेल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’चे संगणक बंद पडले. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले. कारण? संगणकांच्या जाळ्याची नीट विभागणी केलेली नव्हती. एका खोलीतली आग पुढच्या खोलीत जाऊ नये म्हणून मधे भिंत लागते, ती नव्हती. देशातले सर्वोच्च रुग्णालय पुढचे अनेक दिवस कागद-पेनावर चालले.

त्याहून भयंकर धडा दक्षिण कोरियाने दिला. डिजिटल कारभारात जगात पहिल्या रांगेत बसणाऱ्या या देशात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटरी हलवण्याच्या कामात आग लागली आणि ७०९ सरकारी प्रणाली थांबल्या. सरकारी कर्मचाऱ्यांची कागदपत्रे ठेवणारी ८५८ टेराबाइटची साठवण जळून गेली. तिची दुसरीकडे प्रतच नव्हती. ‘एवढा मोठा साठा, त्याची प्रत कशी ठेवणार’, असा विचार त्यामागे होता. वेल्हे तालुक्याला अशा साखळीचा अनुभव संगणकाच्या आधीपासून आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही फोडले. एकावर एक अवलंबून असलेल्या व्यवस्थेत वरचा घटक गेला की खालचा कितीही जुना, कितीही भरवशाचा असला तरी टिकत नाही.

इथे एका गैरसमजाची दखल घेणे आवश्यक आहे. आभासी यंत्राचा ‘स्नॅपशॉट’, म्हणजे त्या क्षणाचे चित्र, एका बटणावर घेता येतो. काही बिघडले तर त्या चित्राकडे परत जाता येते. सोय अप्रतिम. पण अनेक कार्यालयांत यालाच ‘बॅकअप’ समजले जाते. स्नॅपशॉट बहुधा त्याच तबकडीवर राहतो, जिच्यावर मूळ यंत्र असते. तबकडी गेली की मूळही गेले आणि चित्रही. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवण्यासारखे ते आहे. खरी राखीव प्रत वेगळ्या माध्यमावर आणि वेगळ्या गावात असावी लागते, आणि ती परत उभी करून पाहिलेली असावी लागते. ज्या प्रतीवरून कधी काही उभे करून पाहिलेले नाही, ती प्रत आहे असे मानणे हा निव्वळ विश्वास आहे, व्यवस्था नव्हे.

दुसरा प्रश्न मालकीचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉम कंपनीने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवाने विकणे बंद झाले आणि दरसाल भाड्याची पद्धत आली. एकदा पैसे मोजून घेतलेले घर रातोरात भाड्याचे व्हावे, तशी जगभरातल्या ग्राहकांची अवस्था झाली. कंपनीला तो अधिकार आहे. प्रश्न कंपनीच्या नैतिकतेचा नाही. प्रश्न असा, की ज्याच्या अवजारावर आपली सगळी यंत्रे चालतात, त्याने उद्या दर बदलले तर आपण उठून दुसरीकडे जाऊ शकतो का? महाराष्ट्राने याची चव घेतलेली आहे. २०२२ च्या जुलैत राज्यातील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली माहिती व्यवस्थापन प्रणाली कराराच्या वादातून बंद झाली आणि निवासी डॉक्टरांवर पुन्हा हाताने केसपेपर आणि अहवाल लिहिण्याची वेळ आली. तिथे ना दरड कोसळली होती, ना वीज गेली होती. यंत्रे शाबूत होती. गेली होती ती फक्त किल्ली.

आता पुन्हा भोर-वेल्ह्याकडे. २०११ च्या जनगणनेनुसार वेल्हे तालुक्याची लोकसंख्या सुमारे ५५ हजार. पुणे जिल्ह्यात सर्वांत कमी. सरकारदरबारी आता त्याचे नाव राजगड झाले आहे, पण डोंगर तेच आणि पाऊसही तोच. घाटमाथ्याकडच्या गावांत पावसाळ्यात वीज जाणे, मोबाइलची रेंज गुल होणे, केबल तुटणे यात कोणाला नवल वाटत नाही. अशा भागात सगळी शहाणीव दूरच्या डेटा सेंटरमध्ये आणि गावात फक्त पडदा, ही रचना मुळातच चुकीची आहे. डेटा सेंटर कितीही भक्कम असो, मधली दोरी तुटली की वेल्ह्याच्या परिचारिकेच्या दृष्टीने ते ‘डाऊन’च. म्हणजे आपण ज्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतो, त्यात पुष्कळदा सर्व्हरचा दोषच नसतो. आणि तो कोणाचा आहे, हे नोंदवलेच जात नसल्याने तो कधी दुरुस्तही होत नाही.

उपाय अस्तित्वात आहे आणि तो महाग नाही. चिक-फिल-ए ही अमेरिकेतली तळलेल्या कोंबडीच्या सँडविचची दुकाने चालवणारी साखळी. तिने काही वर्षांपूर्वी आपल्या प्रत्येक दुकानात तीन छोटे, हाताच्या पंजाएवढे संगणक बसवले आणि त्यांवर कुबरनेटिस चालवले. इंटरनेट गेले तरी दुकान अडत नाही. तीनपैकी एक यंत्र बिघडले तरी उरलेली दोन काम ओढतात. जोडणी आली की हिशेब मुख्यालयाला जातो. सँडविच विकण्यासाठी जे परवडते, ते भोरच्या उपजिल्हा रुग्णालयासाठी आणि वेल्ह्याच्या ग्रामीण रुग्णालयासाठी परवडू नये? केसपेपर, औषधांचा साठा, लसीकरण आणि तपासण्यांच्या नोंदी यांच्या पेट्या स्थानिक यंत्रांवर चालाव्यात, इन्व्हर्टरवर तग धराव्यात, आणि दोरी जुळली की केंद्राशी मेळ घालावा. ‘के-थ्री-एस’सारखी हलकी अवजारे नेमकी अशाच जागांसाठी तयार झाली आहेत.

यावर रास्त आक्षेप आहेत, आणि ते दडवण्यात अर्थ नाही. पहिला, गावोगाव यंत्रे ठेवली तर सांभाळायच्या जागा वाढतात आणि चोरीची, दुरुपयोगाची दारेही वाढतात. रुग्णाची माहिती ही त्याची खासगी बाब आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती जपण्याची जबाबदारी माहिती बाळगणाऱ्यावर टाकली आहे. म्हणून स्थानिक यंत्रातली माहिती कुलूपबंद असली पाहिजे, तिथे फक्त त्या केंद्राच्या रुग्णांची आणि गरजेपुरती माहिती असावी, आणि यंत्र उचलून नेले तरी चोराच्या हाती निरर्थक अक्षरे लागावीत. दुसरा आक्षेप, दोन ठिकाणी लिहिलेल्या नोंदींचा मेळ घालताना गोंधळ होतो. होतो, हे खरे. पण बँकांनी, रेल्वेने हा प्रश्न हाताळला आहे. आणि कागदावर लिहून रात्री घरी बसून संगणकात भरण्यात आज आरोग्यसेविकांचा जो वेळ जातो, त्यातल्या चुका याहून कमी नाहीत. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: हे सांभाळणार कोण?

इथेच अवजारांचे महत्त्व कळते. शंभर ठिकाणच्या यंत्रांसाठी शंभर तज्ज्ञ लागत नाहीत. पेटी एकदा मध्यवर्ती ठिकाणी तपासून, शिक्का मारून तयार केली की शंभर ठिकाणी तीच जाते. कोणत्या केंद्रात कोणती आवृत्ती आहे, कुठे दुरुस्ती लागू झालेली नाही, हे एका पडद्यावर दिसते. तालुक्यात लागतो तो बंद यंत्र बदलणारा, बॅटरी तपासणारा, राखीव प्रत उभी करून पाहणारा एक प्रशिक्षित माणूस. असा माणूस भोरमध्ये तयार होऊ शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही. धांगवडीला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. हे शिकायला महागडी प्रयोगशाळाही लागत नाही. कार्यालयांनी भंगारात काढलेल्या जुन्या संगणकावर ‘प्रॉक्समॉक्स’ चढवून चार आभासी यंत्रे उभी करता येतात, मुद्दाम मोडता येतात आणि पुन्हा बांधता येतात. मोडल्याशिवाय ही विद्या येत नाही.

आणि विरोधाभास पाहा. भोरपासून पन्नासेक किलोमीटरवर पुणे आहे. लिनक्स आणि कंटेनरच्या क्षेत्रातली अग्रणी ‘रेड हॅट’ कंपनीचे मोठे अभियांत्रिकी केंद्र तिथे आहे. व्हीएमवेअरमधून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये स्थापन केलेल्या ‘प्लॅटफॉर्म९’ या कंपनीचे कामही पुण्यातून चालते. आभासी यंत्रे आणि कंटेनर सांभाळण्याची अवजारे हाच तिचा धंदा. ‘सी-डॅक’चे मुख्यालय पुण्यात, राष्ट्रीय डेटा सेंटर पुण्यात. जगभरच्या बँकांची आणि रुग्णालयांची यंत्रे सांभाळणारी तरुण मंडळी हिंजवडी-खराडीच्या इमारतींत रात्रपाळी करतात. त्यातली काही याच दोन तालुक्यांतून गेलेली असणार. ही विद्या खंबाटकी घाटाच्या अलीकडेच आहे. ती तालुक्याच्या रुग्णालयापर्यंत पोहोचलेली नाही, कारण तिला तिथे बोलावणारे पदच नाही. सरकारी रुग्णालयाच्या आकृतिबंधात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांना स्थान आहे. ज्या यंत्रावर या सर्वांचे काम आता चालते, ते सांभाळणारा मात्र बहुधा कंत्राटी, तात्पुरता आणि दुय्यम.

म्हणून मागण्या तीन आहेत, आणि तिन्ही मोजता येण्याजोग्या आहेत. पहिली, करारांची. केंद्र सरकारने २०१५ मध्येच सरकारी कामात खुल्या प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. ते आरोग्याच्या प्रत्येक करारात उतरले पाहिजे: माहिती खुल्या स्वरूपात, पेट्यांचा ताबा सरकारकडे, आणि कंत्राटदार गेला तरी प्रणाली चालू राहील अशी अट. दुसरी, सरावाची. इमारतींत आगीचा सराव होतो तसा वर्षातून दोनदा राखीव प्रतीवरून प्रणाली उभी करून पाहावी, आणि किती तास लागले ते जाहीर करावे. तिसरी मागणी सर्वांत सोपी आणि म्हणूनच कदाचित सर्वांत अवघड: नोंदीची.

पावसाळ्यात भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, वीर या धरणांत किती टक्के पाणी आहे, किती दरवाजे उघडले, किती क्युसेकने विसर्ग चालू आहे, हे रोज छापून येते. कोणी माहितीचा अधिकार वापरून ते मागत नाही. सांगणे हा शिरस्ता आहे. खालच्या गावांचे जीव त्यावर अवलंबून असतात, म्हणून तो पडला. त्याच रीतीने तालुक्यातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राची संगणक सेवा काल किती तास बंद होती आणि कशामुळे (वीज, दोरी, यंत्र, की आज्ञावली) हे रोज जाहीर का होऊ नये? अवजारांना ही माहिती मिनिटामिनिटाने ठाऊक असते. ती फक्त कार्यालयाबाहेर येत नाही. ती आली, तर ‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर राहणार नाही, तो हिशेब होईल. आणि हिशेब विचारता येतो.